धावणाऱ्यांचा गुडघा आणि त्यामागची मांडी

पडलो नाही, पाय मुरगळला नाही, कुठे आपटलं नाही, तरी गुडघा दुखू लागतो. आधी धावून झाल्यावर, मग धावता धावता, आणि काही आठवड्यांनी जिना उतरतानासुद्धा. अशा वेळी मनात पहिला शब्द येतो तो 'झीज'. मागोमाग सल्ले येतात: धावणं सोड, पट्टा बांध, बूट बदल. या सगळ्यात मांडीचं नाव क्वचितच कुणी घेतं. गुडघ्याला हलवणारे आणि सावरणारे बहुतेक मोठे स्नायू मात्र मांडीतच असतात. गुडघ्यावर नेमकं कुठे दुखतं ते एका बोटाने दाखवता आलं, तर मांडीच्या कोणत्या भागावर ताण पडतो आहे, याचा बराचसा अंदाज तिथेच बांधता येतो.

हे दुखणं किती सर्रास आहे, ते एका जुन्या अभ्यासातून दिसतं. कॅनडातल्या व्हँकुव्हरमधल्या एका क्रीडावैद्यक केंद्राने २००२ साली दुखापतग्रस्त धावपटूंच्या नोंदींचा आढावा प्रसिद्ध केला. योगायोग असा, की धावपटूही २००२च होते. त्यांतल्या सुमारे ४२ टक्के दुखापती गुडघ्याच्या होत्या. सगळ्यांत जास्त आढळलं ते वाटीभोवतीचं दुखणं, आणि त्याखालोखाल गुडघ्याच्या बाहेरच्या बाजूचं.

या दुखापतींना 'अतिवापराच्या' म्हणतात. एक किलोमीटर धावताना साधारण हजार पावलं पडतात, म्हणजे प्रत्येक पायाची पाचशे. दर पावलाला जमिनीकडून शरीराच्या वजनाच्या दोन ते तीन पट जोर पायावर येतो. एकटं पाऊल कुणालाच इजा करत नाही. दोन धावांच्या मधल्या वेळात शरीर जेवढी डागडुजी करू शकतं, त्यापेक्षा पावलांची बेरीज जास्त होऊ लागली, की दुखणं सुरू होतं.

पुढचे चार स्नायू

मांडीच्या पुढच्या बाजूला क्वाड्रिसेप्स नावाचा चार स्नायूंचा गट असतो. त्यांतले तीन मांडीच्या हाडावरूनच निघतात: बाहेरच्या बाजूने वास्टस लॅटरॅलिस, आतल्या बाजूने वास्टस मिडिआलिस आणि दोघांच्या मधे, खोलवर, वास्टस इंटरमिडियस. चौथा रेक्टस फिमोरिस. तो कमरेच्या हाडापासून निघतो, म्हणून खुबा आणि गुडघा असे दोन सांधे ओलांडतो. गुडघा सरळ करतानाही तो कामात असतो आणि मांडी पुढे उचलतानाही. खाली येऊन चौघे एका जाड कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत, मिळतात. ती कंडरा वाटीला धरते, आणि वाटीच्या खालच्या टोकापासून निघालेली दुसरी कंडरा नडगीच्या वरच्या भागातल्या उंचवट्याला जाऊन चिकटते. वाटीच्या खाली चार बोटांवर चाचपडलं, तर हा उंचवटा हाताला लागतो.

हे स्नायू गुडघा सरळ करतात, असं आपण शाळेत शिकतो. धावताना त्यांचं सगळ्यांत जड काम मात्र वेगळंच असतं. पाऊल टेकतं तेव्हा गुडघा थोडा वाकलेला असतो आणि वजन येताच तो आणखी वाकू लागतो. त्या वाकण्याला आवर घालायचा असतो, नाहीतर आपण खालीच बसू. क्वाड्रिसेप्स इथे ताणले जात असतानाच जोर लावत असतात. उतारावर हे काम आणखी वाढतं. सपाटीवर न दुखणारा गुडघा उतारावर का कुरकुरतो, याचं कारण यातच आहे.

वाटी या सगळ्यात कशासाठी? विहिरीवरची कप्पी दोराला वळण देते, तशी वाटी कंडरेला गुडघ्यावरून वळवते. शिवाय ती कंडरेला हाडापासून पुढे उचलून धरते, त्यामुळे तेवढ्याच जोरात स्नायूला जास्त काम साधतं. त्याची किंमत वाटीच्या मागच्या पृष्ठभागाला मोजावी लागते. स्नायू जितका ओढतो आणि गुडघा जितका वाकतो, तितकी वाटी मांडीच्या हाडातल्या खाचेवर दाबली जाते. धावताना हा दाब शरीराच्या वजनाच्या कित्येक पट होतो. म्हणूनच वाटीमागची कूर्चा, म्हणजे हाडावरचं गुळगुळीत आच्छादन, शरीरातल्या सर्वांत जाड कूर्चांपैकी एक आहे.

या दाबाचंच दुखणं म्हणजे पटेलोफिमोरल पेन. ते वाटीच्या मागे किंवा भोवती असतं, नेमकं बोट ठेवून सांगता येत नाही, माणूस सगळ्या वाटीवरून तळवा फिरवतो. जिना उतरताना, उकिडवं बसताना, गुडघे दुमडून बराच वेळ खुर्चीत बसल्यावर ते वाढतं. एक्स-रे बहुतेकदा स्वच्छ असतो.

इथे 'झीज' या शब्दाकडे पुन्हा वळावं लागेल, कारण त्याने फार घाबरवलं आहे. कूर्चेला नसा नसतात. स्कॉट डाय या अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सकाने १९९८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात स्वतःच्याच गुडघ्यांची दुर्बिणीतून तपासणी करून घेतली, आणि सांध्याच्या आत भूल घेतली नाही. सहकारी आतल्या एकेका भागाला टोचून पाहत होता आणि डाय काय जाणवतं ते सांगत होते. वाटीच्या कूर्चेला टोचल्यावर त्यांना काहीच जाणवलं नाही. सांध्याचं आतलं अस्तर आणि वाटीखालची चरबीची गादी यांना स्पर्श होताच मात्र तीव्र वेदना झाल्या. म्हणजे गुडघा दुखतो तेव्हा कळ बहुधा कूर्चेची नसते. ती चिडलेल्या अस्तराची, चरबीच्या गादीची किंवा कूर्चेखालच्या हाडाची असते. या ऊती चिडतात तशा शांतही होतात. दुखणं म्हणजे कायमचं नुकसान असं समीकरण मांडणाऱ्या प्रत्येकाने हा प्रयोग वाचावा, असं मला वाटतं.

वाटीच्या दुखण्याचं जुनं स्पष्टीकरण असं होतं: वास्टस मिडिआलिसचे खालचे तिरपे तंतू कमजोर पडतात, बाहेरचा स्नायू वरचढ होतो आणि वाटी बाहेरच्या बाजूला सरकते. म्हणून तेवढ्याच तंतूंना वेगळं बळ देण्याचे व्यायाम वर्षानुवर्षं शिकवले गेले. अडचण अशी, की या तंतूंना बाकीच्या क्वाड्रिसेप्सपासून वेगळं काढून काम देता येत नाही. मांडीची पुढची बाजू आवळली, की चौघे एकदमच आवळले जातात. पुढे, उभं राहून वजन घेतलेल्या गुडघ्यांचं एमआरआय करून पाहिलं, तेव्हा वाटी सरकण्याचा त्रास असलेल्या काही जणांत वाटी बरीचशी जागच्या जागी होती आणि तिच्याखालचं मांडीचं हाडच आत वळत होतं. मांडीचं हाड आत वळू न देण्याचं काम खुब्याभोवतीचे स्नायू करतात. तेव्हापासून वाटीच्या दुखण्याच्या उपचारात मांडीबरोबर नितंबाचे व्यायामही आले आणि ते टिकून राहिले.

वाटीच्या अगदी खालच्या टोकाला, रुपयाएवढ्या जागेत, बोट ठेवताच कळ येत असेल तर प्रकरण वेगळं. ते वाटीखालच्या कंडरेचं दुखणं, पटेलर टेंडिनोपॅथी. उड्या मारणाऱ्या खेळाडूंत ते जास्त दिसतं, पण वेगाचे आणि चढ-उताराचे सराव एकदम वाढवणाऱ्या धावपटूंनाही गाठतं. त्याची खूण अशी, की सुरुवातीला दुखतं, अंग तापल्यावर कमी होतं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दामदुपटीने परत येतं. मधल्या त्या बऱ्या वाटण्याने फसायला होतं. कंडरेचा गाभा फार सावकाश बदलतो. तिला पूर्ण विश्रांती दिली तर ती आणखी दुबळी होते, आणि झटके दिले तर चिडते. तिला मानवतं ते जड वजन, सावकाश उचललेलं. डेन्मार्कमध्ये २००९ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत बारा आठवडे, आठवड्यातून तीनदा, जड आणि संथ व्यायाम करणाऱ्यांना सहा महिन्यांनंतरही फायदा टिकून होता. स्टिरॉइडचं इंजेक्शन घेतलेल्यांना सुरुवातीला छान वाटलं, पण तो फायदा पुढे ओसरला.

वाढीच्या वयातल्या मुलांत हीच ओढ कंडरेऐवजी नडगीच्या उंचवट्यावर येते, कारण तिथलं हाड अजून पक्कं झालेलं नसतं. उंचवटा सुजतो, दाबल्यावर दुखतो. ऑसगुड आणि श्लाटर या दोन डॉक्टरांनी १९०३ साली स्वतंत्रपणे त्याचं वर्णन केलं आणि दोघांचीही नावं त्याला चिकटली. वाढ पूर्ण झाली की बहुतेकांचं ते थांबतं.

बाहेरची पट्टी

कमरेच्या बाहेरच्या बाजूपासून नडगीच्या वरच्या टोकापर्यंत मांडीवरून एक जाड, चिवट पट्टी उतरते. तिला इलिओटिबियल बँड म्हणतात, धावपटू नुसतं 'आयटी बँड' म्हणतात. हा स्नायू नव्हे. मांडीला वेढणाऱ्या आवरणाचाच तो जाड झालेला भाग आहे. वरच्या टोकाला नितंबाचा मोठा स्नायू आणि कमरेपुढचा टेन्सर फॅशिया लाटा हे दोघे त्याला ओढून धरतात.

या पट्टीचं दुखणं १९७५ साली अमेरिकी मरीन सैनिकांत नोंदवलं गेलं, आणि स्पष्टीकरण आलं ते घर्षणाचं: गुडघा वाकताना-सरळ होताना पट्टी हाडाच्या उंचवट्यावरून पुढे-मागे घासते. पाठ्यपुस्तकांत अजूनही हेच लिहिलेलं सापडतं. पण २००६ साली शवविच्छेदन आणि एमआरआय यांच्या आधारे केलेल्या तपासणीत दिसलं, की पट्टी मांडीच्या हाडाला तंतूंनी घट्ट बांधलेली असते, तिला घासायला सरकताच येत नाही. गुडघा सुमारे ३० अंश वाकतो तेव्हा पट्टी आत दाबली जाते आणि तिच्याखालची चरबी चिमटली जाते. त्या चरबीत रक्तवाहिन्या आणि नसा भरपूर असतात.

हे ३० अंश लक्षात ठेवले की या दुखण्याचे विचित्र वाटणारे सगळे स्वभाव कळतात. सावकाश धावताना पाऊल टेकल्यावर गुडघा नेमका याच कोनातून जातो, म्हणून संथ धाव जास्त दुखते. वेगात धावताना पाऊल टेकतं तेव्हाच गुडघा त्याहून जास्त वाकलेला असतो, म्हणून वेगाचा सराव कधी कधी मुकाट्याने पार पडतो. उतार वाईट, आणि चालताना बहुधा काहीच नाही. अनेकांना ते ठराविक अंतरावर गाठतं आणि मग एक पाऊलही पुढे टाकू देत नाही.

पट्टी 'सैल' करायला लोक फोम रोलरवर दात-ओठ खात लोळतात. ती इतकी चिवट आहे की रोलरने लांब होत नाही. लोळल्यावर थोडा वेळ बरं वाटतं हे खरं, आणि वाटत असेल तर लोळायलाही हरकत नाही. पण जिथे चरबी आधीच चिडली आहे, तिथे गुडघ्याजवळ रोलर दाबणं म्हणजे दुखऱ्या जागी आणखी दाब देणं आहे.

पट्टीवरचा ताण कमी होतो तो वरून. एका पायावर उभं असताना कमर दुसऱ्या बाजूला झुकू न देण्याचं काम ग्लुटिअस मीडियस हा खुब्याच्या बाहेरचा स्नायू करतो. धावणं म्हणजे एका पायावरून दुसऱ्या पायावर पडत राहणं, दोन्ही पाय एकाच वेळी जमिनीवर कधीच नसतात. हा स्नायू थकला की कमर झुकते, मांडी आत येते, पावलं एकमेकांच्या रेषेत पडू लागतात आणि पट्टी ताणली जाते. पावलं जरा रुंद टाकून पाहिली तर हा ताण काही जणांत लगेच कमी होतो.

मागची आणि आतली बाजू

मागे हॅमस्ट्रिंगचे तीन स्नायू असतात: बाहेर बायसेप्स फिमोरिस, आत सेमिटेंडिनोसस आणि सेमिमेम्ब्रेनोसस. पाय पुढे फेकला जातो तेव्हा पाऊल टेकण्याच्या अगदी आधी ते त्याला आवरतात, तेही ताणलेल्या अवस्थेत. म्हणून वेगवान धावणाऱ्यांचा हॅमस्ट्रिंग फाटतो. गुडघ्याच्या अतिवापरात त्यांचा वाटा त्या मानाने कमी.

मांडीच्या आतल्या बाजूला पाय जवळ घेणारे अॅडक्टर स्नायू असतात. त्यांतला ग्रॅसिलिस, पुढून तिरका उतरणारा सार्टोरियस (शरीरातला सर्वांत लांब स्नायू) आणि मागचा सेमिटेंडिनोसस या तिघांच्या कंडरा नडगीच्या आतल्या बाजूला, सांध्याच्या दोन-तीन बोटं खाली, एकत्र चिकटतात. त्यांच्याखालची द्रवाची छोटी पिशवी सुजली की तिथे दुखतं. मात्र आतल्या बाजूला अगदी सांध्याच्या फटीवरच दुखत असेल, तर सांध्यातली गादी, म्हणजे मेनिस्कस, तपासून घ्यायला हवी.

एवढ्यातच का दुखलं?

याचं उत्तर बहुतेक वेळा गेल्या सहा-आठ आठवड्यांच्या धावण्याच्या वहीत सापडतं. धावायला लागल्यावर दम काही आठवड्यांतच वाढतो. स्नायूंची ताकदही लवकर वाढते. कंडरेला महिने लागतात, आणि हाडाच्या नूतनीकरणाचं एक चक्र तीन-चार महिन्यांचं असतं. दम आणि स्नायू 'आणखी पळ' म्हणतात तेव्हा कंडरा अजून मागेच असते. नव्याने धावणारे आणि मोठ्या खंडानंतर परतणारे इथेच अडकतात. वाटीखालच्या कंडरेवर झालेल्या अभ्यासात दिसलं आहे, की एका दमवणाऱ्या व्यायामानंतर तिच्यात नवं कोलाजेन (कंडरा ज्याची बनते ते प्रथिन) बनण्याचा वेग सुमारे एका दिवसाने सर्वाधिक असतो आणि तीन दिवसांपर्यंत वाढलेला राहतो. लागोपाठचे दोन कठीण सराव म्हणजे या बांधकामाच्या मधेच पुन्हा ठोकाठोक.

धावणं आठवड्याला दहा टक्क्यांहून जास्त वाढवू नका, हा नियम सगळ्यांना पाठ असतो. नेदरलँड्समध्ये नव्या धावपटूंवर त्याची चाचणी झाली. दहा टक्क्यांच्या सावध कार्यक्रमात आणि नेहमीच्या कार्यक्रमात, दोन्हींत साधारण पाचातल्या एकाला दुखापत झाली. २०२५ साली पाच हजारांहून अधिक धावपटूंच्या नोंदी तपासल्या, तेव्हा आठवड्याच्या बेरजेपेक्षा एकच धाव जास्त महत्त्वाची ठरली: मागच्या ३० दिवसांतल्या सर्वांत लांब धावेपेक्षा आजची धाव दहा टक्क्यांहून जास्त लांबली, की दुखापतीचा धोका वाढतो. महिनाभर आठ किलोमीटरच्या पुढे न गेलेला माणूस मित्रांबरोबर उत्साहात चौदा धावतो, तेव्हा आठवड्याची बेरीज जमली तरी त्याचा उपयोग नाही.

मग करायचं काय

वाटीच्या किंवा पट्टीच्या दुखण्यात धावणं साफ बंद करायची वेळ क्वचित येते. वेदनेला शून्य ते दहा गुण द्या. धावताना ती दोन-तीनच्या वर जात नसेल आणि दुसऱ्या सकाळपर्यंत पूर्ववत होत असेल, तर तेवढं धावणं गुडघ्याला झेपतं आहे. लंगडावं लागत असेल, तर झेपत नाही. आधी उतार, वेग आणि एका धावेची लांबी कमी करा. दिवसांची संख्या वाढवून प्रत्येक धाव छोटी ठेवली तर अनेकांना मानवतं. कॅनडातल्या क्विबेकमध्ये वाटीच्या दुखण्याच्या ६९ धावपटूंवर झालेल्या चाचणीत एका गटाला फक्त भार कसा सांभाळायचा हे शिकवलं. दुसऱ्याला त्याबरोबर व्यायाम दिले, तिसऱ्याला धावण्याची ढब बदलायला मदत केली. तिन्ही गट सारखेच सुधारले. भार समजून घेणं हा उपचाराचा पाया आहे, असा मी त्याचा अर्थ घेतो.

ढबीत एकच बदल सुचवायचा तर तो पावलांच्या लयीचा. वेग तोच ठेवून मिनिटाला पावलं पाच ते दहा टक्के वाढवली, की पाऊल शरीराच्या फार पुढे पडत नाही आणि गुडघा कमी वाकतो. दहा टक्के वाढीने वाटीवरचा कमाल दाब सुमारे १४ टक्के उतरतो, असं मोजमापातून दिसलं आहे. आधी पाच टक्केच वाढवा, कारण उरलेला भार पोटरी आणि घोट्याकडे जातो.

ताकदीसाठी आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरतात. दुखणं ताजं असेल तर भिंतीला पाठ टेकून, गुडघे थोडेच वाकवून अर्धा-पाऊण मिनिट धरून बसणं. मग एका पायाने पायरीवरून सावकाश उतरणं, एक पाय पुढे ठेवून बैठका, कुशीवर झोपून पाय वर उचलणं, कमरेतून वाकून वजन उचलणं. हे सोपं वाटू लागलं की वजन वाढवा. नुसत्या शंभर हलक्या फेऱ्यांनी कंडरेला काहीच कळत नाही. आणि फरक दिसायला तीन महिने द्या.

धावण्याने गुडघे खराब होतात का, हेही सांगून टाकतो. २०१७ सालच्या एका मोठ्या आढाव्यात हौशी धावपटूंत खुब्याच्या किंवा गुडघ्याच्या संधिवाताचं प्रमाण ३.५ टक्के होतं आणि बैठ्या लोकांत १०.२ टक्के. व्यावसायिक पातळीवर स्पर्धा करणाऱ्यांत ते १३.३ टक्के होतं, तेव्हा ही सवलत अमर्याद नाही.

काही खुणा दिसल्या तर वाट न पाहता डॉक्टरांकडे जायचं: गुडघा सुजणं, अडकून बसणं, अचानक दगा देणं, रात्री झोपेतून उठवणारी वेदना, ताप, किंवा पायावर वजनच न घेता येणं. मांडीत खोलवर किंवा जांघेत दुखत असेल आणि एका पायावर उडी मारताना ते वाढत असेल, तर मांडीच्या हाडाला तणावाची चीर गेली असण्याची शंका घ्यावी. त्यात धावणं ताबडतोब थांबवावंच लागतं. आणि खुब्याचं दुखणं गुडघ्यात जाणवू शकतं. वाढीच्या वयातल्या मुलांत खुब्याच्या हाडाचं टोक सरकतं, तेव्हा तक्रार कधी कधी फक्त गुडघ्याची असते आणि गुडघ्याचा एक्स-रे स्वच्छ येतो. लंगडणारं मूल गुडघा दाखवत असेल, तर त्याच भेटीत डॉक्टरांकडून खुबाही तपासून घ्या.